तलवारींचे फाळ कधी होतात? हिब्रू संदेष्टे, युद्ध आणि शांतता

आडवाटेचा वाटसरू

न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयासमोर, रस्त्याच्या पलीकडे एक दगडी भिंत आहे. तिच्यावर बायबलातल्या यशया या हिब्रू संदेष्ट्याचं वचन कोरलंय: ते आपल्या तलवारी ठोकून नांगराचे फाळ करतील, भाल्यांचे कोयते करतील, एक राष्ट्र दुसऱ्यावर तलवार उगारणार नाही आणि युद्धकला यापुढे कोणी शिकणार नाही. मुख्यालयाच्या बागेत याच वचनावरचा ब्राँझचा पुतळा आहे, येव्गेनी वुचेतिच या शिल्पकाराचा. सोव्हिएत संघाने तो १९५९ साली भेट दिला. देव न मानणाऱ्या सरकारला भेट द्यायला नेमकं बायबलच सापडावं, याची मला कायम गंमत वाटत आलीय.

पण भिंतीवर श्लोक अर्धाच आहे. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात त्याच्या आधी लिहिलंय की राष्ट्रं सियोनच्या डोंगराकडे लोटतील, आणि परमेश्वर त्यांचा न्यायनिवाडा करील. तलवारी येतात त्यानंतर. आधी तंटा मिटतो, मग माणसं लोहाराकडे जातात. हत्यारं टाका म्हणजे आपोआप शांतता येईल, असं यशया म्हणतच नाही. हा धागा त्या गाळलेल्या अर्ध्या श्लोकासाठी काढलाय.

यशया कुठल्या दिवसांत बोलत होता ते आधी बघू. इ.स.पू. ७३४ च्या सुमारास दिमिष्कचं अरामी राज्य आणि उत्तरेकडचं इस्राएल यांनी अश्शूर या बलाढ्य साम्राज्याविरुद्ध फळी बांधली. दक्षिणेकडच्या यहूदाचा राजा आहाज तीत येईना, तेव्हा दोघं मिळून यरुशलेमवर चालून आले. आहाज शहराबाहेर परटाच्या शेताच्या रस्त्यावर, वरच्या तलावाच्या पाटापाशी होता. तिथे यशया आपल्या मुलाला घेऊन गेला आणि म्हणाला, शांत राहा, ही दोन धुमसती कोलितं आहेत, घाबरू नकोस. आहाजने ऐकलं नाही. मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनंरुपं गोळा करून त्याने ते अश्शूरचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर याच्याकडे धाडलं आणि मला वाचवा म्हणाला. अश्शूरने वाचवलंही. ७३२ मध्ये दिमिष्क पडलं, ७२२ च्या आसपास इस्राएलची राजधानी शोमरोन, आणि यहूदा मांडलिक झाला तो झालाच.

आता पुढची पिढी. आहाजचा मुलगा हिज्कीया नेमका उलट स्वभावाचा. त्याने अश्शूरची खंडणी थांबवली आणि मिसरच्या (इजिप्तच्या) घोड्यांच्या आणि रथांच्या भरवशावर बंड केलं. आपल्याला वाटेल, आता तरी यशया खूश होईल. छे! मदतीसाठी मिसरात जाणाऱ्यांना त्याने शिव्याशाप दिले (अध्याय ३१). त्याआधी मिसरच्या नादी लागू नका हे दाखवायला तो तीन वर्षं उघडा आणि अनवाणी हिंडला होता (अध्याय २०). बापाला सांगितलं अश्शूरला बोलावू नकोस, मुलाला सांगितलं मिसरला बोलावू नकोस.

बाविसाव्या अध्यायात तर तटबंदीचा हिशेबच आहे. तुम्ही यरुशलेमची घरं मोजलीत आणि तट भक्कम करायला ती पाडलीत, दोन तटांच्या मध्ये पाण्याचा साठा केलात, पण हे सगळं ज्याने घडवलं त्याच्याकडे बघितलं नाहीत. हिज्कीयाने डोंगर पोखरून काढलेला सुमारे ५३३ मीटरचा पाण्याचा बोगदा आजही यरुशलेममध्ये आहे, पर्यटक गुडघाभर पाण्यातून त्यात चालतात. इंजिनीयरांनी दोन टोकांकडून खोदत मध्ये गाठ घातली होती. काम अफाट आहे. यशयाच्या नजरेला मात्र आधी पडलेली घरं दिसतात.

माझं म्हणणं एवढंच: या मंडळींना शांततावादी म्हणणं जितकं चूक, तितकंच युद्धखोर म्हणणं. राजा कधी युद्ध विकतो, कधी शांतता. संदेष्टा विचारतो की याची किंमत कोण चुकवणार आहे, आणि तू ती लोकांपासून का लपवतोयस?

(नावं मराठी बायबलातल्या रूढ रूपांनी लिहिली आहेत.)

खवचट काका

लेख चांगला आहे, पण सोयीचे संदेष्टे निवडलेत. शमुवेल कुठे गेला? १ शमुवेल १५: अमालेकी लोकांची बायका, पोरं, तान्ही बाळं, गुरं, उंट, सगळं मारून टाक, असं तो शौलाला देवाच्या नावाने सांगतो. शौल त्यांचा राजा अगाग याला जिवंत ठेवतो, तर हा म्हातारा स्वतः त्याचे तुकडे करतो. एलीया कर्मेल डोंगरावर जिंकल्यावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांना कीशोन ओढ्यापाशी नेऊन कापतो. अलीशा मवाबवरच्या स्वारीत सांगतो की चांगलं झाड दिसेल ते तोडा, विहिरी बुजवा, शेतात दगड टाका. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात वेढ्याच्या वेळी फळझाडं तोडू नका असा नियम आहे, त्याच्या हे सरळ विरुद्ध.

हे सगळं गाळून संयुक्त राष्ट्रांच्या भिंतीपासून सुरुवात करायची म्हणजे तुम्हीही श्लोक अर्धाच वाचताय की.

अलिबागकरीण

काका, एलीयाबद्दल मला बोलायला हवं, कारण आमच्या घरात त्याच्याइतकं जवळचं कोणी नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. लग्न असो, नवस फेडायचा असो, नवं घर असो, मलिदा होतोच. पोहे, गूळ, खोबरं, फळं ताटात मांडतात आणि एलियाहू हान्नाबीचं नाव घेऊन प्रार्थना होते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आहेत, असं आमची जुनी माणसं मानत आली.

पण मलिद्याला जो एलियाहू येतो तो कीशोनच्या ओढ्यावरचा नाही. तो येतो तो मलाखीच्या शेवटच्या ओळींतला: परमेश्वराचा तो मोठा भयंकर दिवस येण्यापूर्वी एलीया येईल आणि बापांची मनं मुलांकडे आणि मुलांची मनं बापांकडे वळवील. तलवार चालवणारा माणूस परंपरेने घराघरांतली भांडणं मिटवणारा केला. हे कोणी गुपचूप केलेलं नाही. मलाखी आमच्याच पोथीत संदेष्ट्यांच्या शेवटी आहे.

आणि अमालेकाची गोष्ट आम्ही लपवत नाही हो. पुरीमच्या सणाआधीच्या शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) सभागृहात तीच वाचतात, दर वर्षी.

आडवाटेचा वाटसरू

काका, शमुवेल मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्याच्यावर स्वतंत्र बोलायला हवं.

शत्रूचं गाव देवाला अर्पण म्हणून समूळ मारायचं, ही प्रथा एकट्या इस्राएलची नव्हती. १८६८ मध्ये जॉर्डनमधल्या धिबान इथे मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख सापडला, आता तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशा अभिमानाने सांगतो की नबो गाव मी इस्राएलकडून घेतलं आणि तिथली ७,००० माणसं अश्तार-कमोश देवासाठी मारली. हा इ.स.पू. नवव्या शतकाचा मजकूर. म्हणजे शमुवेलच्या तोंडची भाषा ही त्या वेळच्या सगळ्या मुलखाची युद्धभाषा होती. यामुळे ती सुसह्य होत नाही, मान्य.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. येहू या सेनापतीने इस्राएलचं राजघराणं कापून काढलं, इज्रेलला रक्ताचा सडा पडला. हे बंड कोणी लावलं? अलीशाने. त्यानेच शिष्य पाठवून येहूला अभिषेक करवला (२ राजे ९). शंभरेक वर्षांनी होशेय उभा राहतो, आणि त्याच्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला देव म्हणतो की इज्रेलच्या रक्ताबद्दल मी येहूच्या घराण्याला शिक्षा करणार आहे. एका संदेष्ट्याने पवित्र ठरवलेली कत्तल दुसऱ्याने गुन्हा ठरवली. आणि संकलन करणाऱ्यांनी दोन्ही ठेवलं, एकाला दुसऱ्याशी जुळवून घेतलं नाही. एवढा प्रामाणिकपणा आपल्या बखरींमध्ये मला क्वचित दिसतो.

आणि अलीशाचीच दुसरी गोष्ट सांगायची राहिली, २ राजे ६. अरामी सैन्य आंधळं होऊन थेट शोमरोनमध्ये येऊन अडकतं. राजा हर्षाने विचारतो, मारू का, मारू का? अलीशा म्हणतो, अन्नपाणी पुढे ठेव. मोठी मेजवानी होते, सैनिक घरी जातात, टोळ्यांच्या धाडी थांबतात. (पुढच्याच श्लोकात अरामचा राजा सगळी फौज घेऊन शोमरोनला वेढा घालतो, हेही सांगतो, नाहीतर काका सांगतील.)

खवचट काका

सांगणारच होतो.

नगरी पाटी

आमोसवर कोणीच नाही? तकोवाचा मेंढपाळ, उंबराची फळं वेचणारा माणूस. त्याचे पहिले दोन अध्याय म्हणजे युद्धगुन्ह्यांची आरोपपत्रं आहेत. लहानपणी चर्चमध्ये ते लयीत वाचलेले, मोठेपणी कळलं की मजकूर काय आहे.

दिमिष्कने गिलादच्या लोकांना लोखंडी मळणीच्या यंत्रांनी मळलं. गज्जाने वस्त्याच्या वस्त्या पकडून अदोमला विकल्या. सोरने बंधुत्वाचा करार विसरून तेच केलं. अम्मोनने आपली हद्द वाढवायला गिलादच्या गरोदर बायकांची पोटं फाडली. मग मवाब. मवाबने अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला.

हा शेवटचा आरोप बघा. यात इस्राएल कुठेच नाही. मवाबने अदोमवर अत्याचार केला, दोघंही परके, दोघंही एरवी शत्रू, तरी इस्राएलचा देव त्याची नोंद ठेवतो. आपल्या लोकांवर झाला तरच अत्याचार, हे आमोसला मान्य नाही. ऐकणारे तोवर माना डोलावत असणार. मग तो यहूदाकडे वळतो, आणि शेवटी इस्राएलकडे: तुम्ही न्यायी माणसाला रुप्यासाठी विकलंत, गरिबाला जोड्याच्या किमतीला. परक्यांचे गुन्हे रणांगणावरचे, स्वतःचे बाजारातले, आणि तराजू एकच.

नवव्या अध्यायात तर कहर करतो. तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही का? तुम्हाला मिसरातून आणलं तसं पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीरहून मीच आणलं नाही का? शत्रूचाही एक निर्गम आहे. हे ऐकून त्याला बेथेलमधून हाकललं गेलं असतं तर मला आश्चर्य वाटलं नसतं, पण तो प्रसंग आधीच, सातव्या अध्यायात होऊन गेलाय. पुजारी अमस्या त्याला सांगतो, यहूदाला जा, तिकडे भाकरी खा, इथे राजाचं देवस्थान आहे.

मधली सुट्टी

छान चाललाय धागा. एक शंका. दोन संदेष्टे समोरासमोर उभे राहून उलट बोलले तर त्या वेळच्या माणसाने खरा कोण हे कसं ओळखायचं? आपल्याला निकाल माहीत आहे म्हणून आपण बाबेलला (बॅबिलोनला) शरण जा म्हणणाऱ्या यिर्मयाच्या बाजूचे.

आडवाटेचा वाटसरू

हा प्रश्न बायबलालाच पडलेला आहे. १ राजे २२ मध्ये अहाब राजाला रामोथ-गिलाद घ्यायचं असतं. दरबारात सुमारे ४०० संदेष्टे, सगळे म्हणतात, चढाई कर, विजय तुझा. त्यांतला सिद्कीया तर लोखंडाची शिंगं करून आणतो, यांनी अरामला भोसकशील म्हणून. यहूदाचा राजा यहोशाफाट विचारतो, अजून कोणी आहे का? अहाबचं उत्तर मला फार आवडतं: एक आहे, पण मला तो आवडत नाही, माझ्याबद्दल कधी चांगलं बोलत नाही. मीखाया बिन इम्ला. बोलावणं घेऊन गेलेला माणूस वाटेत त्याला समजावतो, सगळे एकमुखाने बोललेत, तूही तसंच बोल. मीखाया शेवटी खरं सांगतो, थोबाडीत खातो, तुरुंगात जातो. अहाब वेष बदलून लढायला जातो आणि कोणाच्या तरी सहज सोडलेल्या बाणाने मरतो.

हा अहाब काही लहानसहान राजा नव्हता. इ.स.पू. ८५३ मध्ये कर्कारच्या लढाईत अश्शूरविरुद्ध लढलेल्या आघाडीत त्याचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ होते, अशी नोंद खुद्द अश्शूरच्या राजाने कोरून ठेवलीय. आकडे फुगवलेले असतील, पण अशा राजापुढे "नको" म्हणणं काय असेल याची कल्पना येते.

मीखा या दुसऱ्या, नंतरच्या संदेष्ट्याचा निकष आणखी रोखठोक आहे (३:५): यांच्या तोंडात चावायला काही घातलं की शांतता म्हणतात, नाही घातलं की त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारतात. पगार कोण देतं ते बघा, म्हणजे भाकीत कळेल.

आणि यिर्मया विरुद्ध हनन्या. यिर्मया गळ्यात जू घालून फिरतोय, बाबेलच्या राजापुढे मान वाकवा म्हणून सांगतोय. हनन्या मंदिरात सगळ्यांसमोर ते जू मोडतो आणि म्हणतो, दोन वर्षांत बाबेलचं जू असंच मोडेल, नेलेली भांडी आणि माणसं परत येतील. यिर्मया म्हणतो, आमेन, तसंच होवो. पण आपल्या आधीच्या संदेष्ट्यांनी युद्ध, अरिष्ट, साथ हेच सांगितलं. शांतता सांगणारा खरा की खोटा ते त्याचं म्हणणं घडल्यावर कळतं. एवढं बोलून निघून जातो. जागच्या जागी उत्तर त्याच्याकडेही नसतं, ते नंतर येतं.

इथे लक्षात घ्या की हनन्याची "शांतता" म्हणजे प्रत्यक्षात बंड, म्हणजे युद्ध. आणि ज्या यिर्मयाला देशद्रोही म्हणत होते तोच लोकांचे जीव वाचवायची वाट दाखवत होता. "शांतता, शांतता म्हणतात, पण शांतता नाही" ही त्याची ओळ आज कोणीही कोणालाही फेकून मारतो. ती होती या गोड बोलणाऱ्यांसाठी.

पाथरवट

उत्खननाच्या बाजूने थोडी भर.

यहूदातलं लाखीश शहर दोनदा पडलं. पहिल्यांदा इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने घेतलं. त्याने आपल्या राजधानीतल्या, निनवेच्या राजवाड्यात या वेढ्याची दगडी चित्रं कोरून घेतली, ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटावर चढणाऱ्या ढकलगाड्या, वरून फेकलेल्या मशाली, सुळावर चढवलेली माणसं, आणि बैलगाडीत बोचकी घालून निघालेली कुटुंबं. लाखीशला वेढ्यासाठी रचलेला दगडांचा उतार अजून आहे. सन्हेरीबच्या लेखात तो म्हणतो, यहूदाची ४६ तटबंद शहरं घेतली, २,००,१५० माणसं बाहेर काढली, आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेममध्ये कोंडलं. यरुशलेम घेतलं असं मात्र तो कुठे म्हणत नाही. बायबल म्हणतं, देवदूताने एका रात्रीत १,८५,००० मारले. खंडणीत ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं दिलं यावर दोघांचं एकमत आहे!

दुसऱ्यांदा लाखीश पडलं ते बाबेलच्या हल्ल्यात, इ.स.पू. ५८८-५८६ च्या वेढ्यात. १९३५ मध्ये वेशीच्या चौकीत शाईने लिहिलेली खापरं सापडली, सैनिकांची पत्रं. एकात लिहिलंय की आम्ही लाखीशच्या धुराच्या खुणांकडे बघतोय, अजेका दिसत नाही. यिर्मया ३४:७ मध्ये तटबंद शहरांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती, असं आहे. दुसऱ्या एका खापरावर तक्रार आहे की अमक्यांच्या बोलण्याने लोकांचे हात गळतात. यिर्मयाला विहिरीत टाकायला सांगणाऱ्या सरदारांचा आरोप शब्दशः हाच होता: हा माणूस सैनिकांचे हात गाळतो. म्हणजे "सैन्याचं मनोधैर्य खच्चीकरण" हा आरोप त्या दिवसांत सर्रास चालू होता.

खवचट काका

यिर्मयाबद्दल सगळे एवढे हळवे का? बाबेलला शरण जा, असं तो सांगत राहिला. शहर पडल्यावर काय झालं? बाबेलच्या सेनापतीने त्याला साखळ्यांतून सोडलं, शिधा दिला, भेट दिली, वाटेल तिथे जा म्हणाला (यिर्मया ४०). मीखाचा "तोंडात काय घातलं" हा निकष इथे लावा की.

आडवाटेचा वाटसरू

लावू या. सेनापतीने बाबेलला चल, तुझी काळजी घेतो असंही म्हटलं होतं. तो गेला नाही. उद्ध्वस्त मुलखात मिस्पाला, बाबेलने नेमलेल्या गदल्या या सुभेदारापाशी राहिला, पुढे गदल्याचा खून झाला आणि लोकांनी यिर्मयाला ओढत मिसरात नेलं, जिथे जाऊ नका म्हणून तो घसा फोडत होता. बाबेलचा माणूस असता तर बाबेलविरुद्धचे दोन लांबलचक अध्याय (५० आणि ५१) त्याच्या नावावर नसते. सराया नावाच्या अधिकाऱ्याने या भाकितांची गुंडाळी बाबेलमध्ये वाचून, दगड बांधून फरात नदीत बुडवावी आणि म्हणावं, बाबेल अशीच बुडेल, असंही तिथे सांगितलंय.

मला त्या वेढ्यातली खरी गोष्ट चौतिसाव्या अध्यायात सापडते, आणि ती फार कमी जणांना माहीत असते. शत्रू वेशीवर असताना सिद्कीया राजा आणि श्रीमंत लोक देवापुढे करार करून आपले हिब्रू गुलाम मोकळे करतात. तेवढ्यात मिसरचं सैन्य निघाल्याची बातमी येते, बाबेलची फौज वेढा उठवून जाते. शहर सुटकेचा श्वास टाकतं, आणि मालक सोडलेले गुलाम पुन्हा धरून आणतात! यिर्मया भडकतो: तुम्ही स्वातंत्र्य दिलं नाहीत ना, मग मी तुम्हाला स्वातंत्र्य देतो, तलवार, साथ आणि दुष्काळ यांच्या हाती जाण्याचं. फौज परत आली.

शत्रूची भीती होती तोवर न्याय होता. शांतता पडली आणि न्याय गेला. यशयाच्या गाळलेल्या अर्ध्या श्लोकाशी याचं नातं मला इथे दिसतं.

तळघर

निनवेवर बोलू या का? नहूमचं अख्खं पुस्तक निनवे पडल्याचा (इ.स.पू. ६१२) जल्लोष आहे. रक्तपाती नगरीला धिक्कार, चाबकाचा आवाज, चाकांचा खडखडाट, प्रेतांचे ढीग, आणि शेवटी: तुझी बातमी ऐकणारे सगळे टाळ्या पिटतात. काव्य म्हणून जबरदस्त, वाचून अंगावर काटा येतो. ज्यांच्या नातेवाइकांना अश्शूरने सुळी दिलं त्यांनी टाळ्या पिटू नयेत असं सांगणारे आपण कोण?

आणि त्याच बारा लहान संदेष्ट्यांच्या गुंडाळीत योना. तीच निनवे, तिला माफी. योना रुसून बसतो, तेव्हा देव विचारतो: ज्यांना उजवंडावं कळत नाही अशी १,२०,००० हून जास्त माणसं आणि शिवाय पुष्कळ जनावरं असलेल्या शहराची मी कीव करू नये का? पुस्तक या प्रश्नावर थांबतं. योनाचं उत्तर दिलेलंच नाही. बहुतेक अभ्यासक हे पुस्तक निनवे पडून बराच काळ गेल्यानंतरचं मानतात. म्हणजे लिहिणाऱ्याला शहराचं पुढे काय झालं ते ठाऊक होतं, ऐकणाऱ्यांनाही. तरीही त्याने ही गोष्ट रचली.

अलिबागकरीण

योना आम्ही योम किप्पूरला दुपारनंतरच्या प्रार्थनेत वाचतो. वर्षातल्या सगळ्यात कडक उपासाच्या दिवशी, पोटात अन्नाचा कण नसताना, सगळ्यात क्रूर शत्रूला मिळालेल्या माफीची गोष्ट. नहूम सणाच्या वाचनात मी तरी ऐकलेला नाही.

हनुक्काचंही तसंच. सण मक्काबींच्या लष्करी विजयाचा. पण त्या शब्बाथला संदेष्ट्यांमधून वाचतात ते जखऱ्या: बळाने नाही, पराक्रमाने नाही, तर माझ्या आत्म्याने. ज्यांनी हे वाचन ठरवलं त्यांना काय म्हणायचं होतं ते उघड आहे.

संपादक

आजच्या पश्चिम आशियातल्या युद्धावरचे प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी दुसरा धागा आहे, तिकडे भांडा.

नगरी पाटी

योएल कोणी आणला नाही अजून. तिसऱ्या अध्यायात तो यशयाची ओळ उलटी करतो: फाळ ठोकून तलवारी करा, कोयत्यांचे भाले करा, दुबळ्यानेही म्हणावं मी वीर आहे. राष्ट्रांना शेवटच्या लढाईला बोलावतोय, बऱ्यापैकी उपरोधाने. भिंतीवर कोरायला दोन्ही वचनं उपलब्ध होती.

मृत समुद्राजवळ कुम्रानला १९४७ मध्ये जी पहिली गुहा सापडली तिच्यातही असंच जोडपं निघालं. एका बाजूला यशयाची सात मीटरपेक्षा लांब, जवळजवळ पूर्ण गुंडाळी, आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशपुत्र आणि अंधारपुत्र यांच्या शेवटच्या युद्धाचं नियमपुस्तक: तुताऱ्या कधी वाजवायच्या, झेंड्यांवर काय लिहायचं, रांगा कशा लावायच्या. एकच समाज दोन्ही वाचत होता.

पाथरवट

तलवारींचे फाळ ही कविता यशयात आहे तशीच जवळजवळ शब्दशः मीखाच्या चौथ्या अध्यायातही आहे. मूळ कोणाची यावर वाद आहेत, दोघांच्याही आधीची किंवा नंतरची असंही म्हणतात. पण मीखात एक ओळ जास्त आहे: प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली बसेल, कोणी त्यांना घाबरवणार नाही.

मीखा मोरेशेथचा, लाखीशच्याच पट्ट्यातल्या गावचा. ७०१ मध्ये जी गावं तुडवली गेली तीच त्याची. पहिल्या अध्यायात तो एकेक गावाचं नाव घेऊन रडतो. त्याला राजधानीपेक्षा बांध आणि वेल महत्त्वाची वाटली तर नवल नाही. तो यरुशलेमलाही सोडत नाही: सियोन शेतासारखं नांगरलं जाईल.

आता गंमत बघा. त्याच ७०१ मध्ये सन्हेरीबचा अधिकारी रब्शाके यरुशलेमच्या तटापाशी येतो. उभा कुठे राहतो? वरच्या तलावाच्या पाटापाशी, परटाच्या शेताच्या रस्त्यावर, म्हणजे जिथे यशया आहाजला भेटला होता तिथेच. दरबारी लोक विनवतात की अरामी भाषेत बोला, तटावरच्या लोकांना कळेल. तो मुद्दाम यहूदी भाषेत ओरडतो: हिज्कीयाचं ऐकू नका, माझ्याशी तह करा, म्हणजे प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीचं आणि आपल्या अंजिराचं फळ खाईल, मी येऊन तुम्हाला तुमच्या देशासारख्याच दुसऱ्या देशात नेईपर्यंत.

वेल तीच, अंजीर तोच. साम्राज्याच्या शांततेत ते मिळतात, पण हद्दपारीचा दिवस ठरेपर्यंत. मीखाच्या ओळीत "कोणी घाबरवणार नाही" आहे, रब्शाकेच्या भाषणात नेमकं तेवढंच नाही.

आडवाटेचा वाटसरू

पाथरवट, ही जोडी माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. धन्यवाद!

भरीला एक अनोळखी नाव: ओदेद. २ इतिहास २८. आहाजच्याच काळातलं ते युद्ध, उत्तरेच्या इस्राएलने यहूदाचे दोन लाख बायका-मुलं कैद करून शोमरोनला आणले (आकडा फार मोठा आहे, इतिहासाचे ग्रंथ आकड्यांत उदार आहेत). ओदेद नावाचा संदेष्टा परतणाऱ्या विजयी सैन्याला वेशीवर अडवतो. देवाने तुम्हाला जय दिला, पण तुम्ही आकाशाला भिडेल अशा संतापाने कत्तल केलीत, यांना परत पाठवा. आणि चक्क ऐकतात! काही पुढारी लुटीतलेच कपडे काढून उघड्यांना घालतात, चपला देतात, जेवू घालतात, तेल लावतात, अशक्तांना गाढवांवर बसवून यरीहोपर्यंत पोहोचवतात. राजाने नाही, सरदारांनी. संदेष्ट्याचं लगेच ऐकल्याची उदाहरणं एका हाताच्या बोटांवर मोजावीत, त्यांत हे एक.

मधली सुट्टी

आणि नंतरच्या रब्बींनी या सगळ्याचं काय केलं? की यरुशलेमचं देऊळ गेलं आणि विषय संपला?

अलिबागकरीण

संपतोय कसला. मिश्नाच्या, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहाच्या, शब्बाथ भागात प्रश्न असा आहे: शब्बाथच्या दिवशी ओझं घेऊन रस्त्यावर जायला बंदी, पण अंगावरचा दागिना चालतो. मग पुरुषाने तलवार लावून बाहेर जावं का? धनुष्य, ढाल, भाला? रब्बी एलिएझर म्हणतात, चालेल, हे पुरुषाचे दागिने आहेत. बाकीचे पंडित म्हणतात, दागिने कसले, ही तर लाजिरवाणी गोष्ट. आणि पुरावा म्हणून देतात हीच ओळ, तलवारींचे फाळ. पुढे तालमूद या मिश्नावरच्या चर्चाग्रंथात चर्चा चालते की मशीहाच्या काळात तलवारी जाणार असतील तर त्या भर दुपारी लावलेल्या दिव्यासारख्या बिनकामाच्या ठरतील.

हे सगळं बार कोखबाचं इ.स. १३२ ते १३५ चं रोमविरुद्धचं बंड चिरडलं गेल्यानंतर संकलित झालेलं आहे. त्या बंडात मोठ्या रब्बी अकिवांनी बार कोखबाला मशीहा मानलं होतं. तेव्हा योहानान बेन तोर्ता त्यांना म्हणाले होते, अकिवा, तुझ्या गालांतून गवत उगवेल, तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल. हेही परंपरेने जपून ठेवलंय.

तळघर

आधुनिक काळातलं एक. १९८० च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या चर्चच्या तरुणांनी तोच वुचेतिचचा पुतळा छापून "तलवारींचे फाळ" असे कापडी बिल्ले बाहीला शिवले. सरकारने ते काढायला लावले. सोव्हिएत पुतळ्याचं चित्र सोव्हिएत गटातल्याच देशात बंद! १९८३ मध्ये विटेनबर्गला तर मार्टिन ल्यूथरच्या जुन्या घराच्या अंगणात रात्री एका लोहाराने खरीखुरी तलवार तापवून तिचा फाळ केला, लोकांसमोर.

खवचट काका

लोहार सापडला म्हणायचा. निवाडा करणारा अजून बाकी आहे.

बाई, तलवारीच्या वादात निर्णय कोणाचा लागला?

अलिबागकरीण

बहुमताचा, काका. तलवार दागिना नाही.

खवचट काका

म्हणजे रब्बी एलिएझर एकटे पडले. मला ते गृहस्थ आवडायला लागलेत, त्यांच्यावर वेगळा धागा काढा.